पेटीत माया किती सोडायची

महाशिवरात्रीच्या आदल्या रविवारी सकाळी साडेसहाची गारगोटीची एसटी पकडली. पिशवीत दोन किलो साखर, जुन्या सुती साडीच्या चिंध्या, वाचायचा चष्मा आणि सुईत दोरा ओवायला वापरते ते भिंग. वहिनीला आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं की मी येतो म्हणून. (होय, आम्ही कोल्हापूरच्या बायका ‘येतो’ म्हणतो. पुण्याच्या मावसबहिणीला अजून सवय झालेली नाही.)

माहेर भुदरगड तालुक्यात, गारगोटीच्याही पुढे. तिथं परड्यात फणसाखाली माझ्या सहा मधपेट्या आहेत. घरी कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला गच्चीवर दोन. बाकी दिवसभर मी ब्लाऊज शिवते, बावीस वर्षं झाली. माश्यांकडे वळले ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. दुकान बंद, माहेरी अडकले, मास्क शिवून शिवून कंटाळले, आणि शेजारच्या आप्पांच्या पेट्यांजवळ जाऊन बसायला लागले. आप्पांनी तरुणपणी खादी ग्रामोद्योग मंडळाकडून पेट्या घेतल्या होत्या. मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आता आमच्या तालुक्यातलं पाटगाव ‘मधाचं गाव’ म्हणून माहीत झालंय. महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतरचं हे दुसरं. त्यामुळे पेट्या ठेवते म्हटलं की लोक आता हसत नाहीत. पूर्वी हसायचे.

तर त्या रविवारी तीन नंबरची पेटी उघडली. पोळं बांधलेली लाकडी चौकट उचलून उन्हाकडे पाठ केली, म्हणजे ऊन खांद्यावरून बरोबर घरांच्या तळाशी पडतं. चष्म्यावर भिंग धरलं. तळाशी एकेका घरात एकेक पांढरा कण, बारीक दोऱ्याचं टोक कातरून उभं करावं तसा. अंडं. पहिल्या दिवशी ते असं उभं असतं, मग कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं आणि फुटतं. उभी अंडी दिसली म्हणजे राणी काल-आज इथून फिरून गेली, तिला शोधत बसायची गरज नाही. मी राणी शोधत नाही. नवशिके शोधतात, अर्धा तास पेटी उघडी ठेवतात, आणि सातेरीला तेच खपत नाही.

सातेरी म्हणजे आपली पेटीत राहणारी देशी माशी. आग्यामोहोळाची माशी मोठी, ती कड्याला नाहीतर पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर एकच पोळं बांधते, तिला कोण पेटीत घालणार. फुलोरी बारकी, झुडपात फांदीला पोळं करते. सातेरी अंधारात, ढोलीत, एकाशेजारी एक अशी पोळी लावते, म्हणून पेटीत राहते. पण राहते ती तिच्या मर्जीनं. भूक लागली, मुंग्या चढल्या, मेणकीड पडली, कुणी रोज उठून झाकण उघडायला लागलं, तर सगळं सोडून निघून जाते. आप्पा म्हणतात, “भाडेकरू हाय ती. तुझ्या घरात ऱ्हाती म्हणून तुझी झाली असं न्हाई.”

आता ह्या दिवसांत पेटी का उघडायची, ते सांगते. मी सुरुवातीला मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघायचे. बर्फ, लोकरीची पांघरुणं घातलेल्या पेट्या, हिवाळा कसा काढायचा वगैरे. आपल्याकडे त्याचा काही उपयोग नाही. कोल्हापूरच्या थंडीत दुपारी ऊन असतंच, माश्या बाहेर पडतात. आपल्या माश्यांचा वाईट काळ म्हणजे पावसाळा. आमच्या माहेरच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर असा काही कोसळतो की आठ आठ दिवस माशीला दाराबाहेर तोंड काढता येत नाही. तेव्हा साखरेचा पाक देऊन जगवायच्या. दसरा-दिवाळीला रानातल्या फुलांवर जरा अंग धरतात, पौषात पुन्हा रेंगाळतात. आणि माघ लागला की राणी अचानक जोरात अंडी घालायला लागते. आंबा मोहरलेला, काजू फुललेला, काटेसावर लालभडक, शेवग्याला पांढरे घोस. मग पांगारा, पळस, करवंद, अंजनी. खरा मध मात्र पुढं आहे, जांभूळ आणि त्यामागून हिरडा.

इथं एक हिशेब आहे, तो मला आप्पांनी नाही, माझ्या दुकानातल्या कॅलेंडरनं शिकवला. कामकरी माशीला अंड्यापासून पंख फुटून बाहेर यायला १८ ते २० दिवस लागतात. बाहेर आली की लगेच फुलावर जात नाही. आधी घरं साफ करणं, पिल्लांना भरवणं, मेण काढणं, दारावर पहारा. तीनेक आठवड्यांची झाली की मग फुलावर. म्हणजे धरा ४० दिवस. महाशिवरात्र ते रामनवमी मोजून बघा, तेवढेच दिवस भरतात. महाशिवरात्रीला घातलेलं अंडं रामनवमीला जांभळीवर जातं. जांभूळ फुललं की राणीनं अंडी घालावी म्हणून कितीही हात जोडले तरी उशीर झालेला असतो. लग्नसराईचे ब्लाऊज लग्नाच्या आठवड्यात शिवायला घेतल्यासारखं.

म्हणून माघ. आणि म्हणून ह्या महिन्यात काय चुकलं तर ते चैत्रात कळतं, ज्यावेळी काहीच करता येत नाही.

पेटी उघडायच्या आधी मी दहा मिनिटं नुसती दारापुढे बसते. अगदी समोर नाही, बाजूला, येण्याजाण्याची वाट सोडून. निम्मी माहिती दारातच मिळते. मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या आत जात असतील, तर आत भरवायला पिल्लं आहेत. गोळे पिवळे, भगवे, राखाडी, ज्या फुलाचा जो रंग तो. परवा एक नंबरच्या दारात एक माशी एवढे मोठे गोळे घेऊन आली की फळीवर उतरताना तोल जाऊन खाली गवतात पडली, चालत चालत पायावरून वर आली आणि पहारेकरणीनं तिला हुंगून आत सोडलं. सहा पेट्यांतल्या पाचांच्या दारात असे गोळे जात होते. चार नंबरच्या नव्हते. तिथं माश्या येत-जात होत्या, पण रिकाम्या पायांनी, आणि दारातच घुटमळत. चार नंबरकडे शेवटी जायचं ठरवलं.

उघडायची वेळ सकाळी दहानंतर, ऊन अंगाला लागायला लागलं की. धूर अगदी थोडा. चिंध्या आणि वाळलेलं शेण धुराड्यात घालते, दारात दोन फुंकर, झाकणाखाली एक. धूर लागला की माश्यांना वाटतं वणवा आला, त्या मध पोटात भरून घ्यायच्या मागं लागतात आणि भरल्या पोटी डंख मारायच्या भानगडीत कमी पडतात. जास्त धूर दिला की मात्र सातेरी चौकटीवरून धावत सुटते आणि एका कोपऱ्यात झुंबर करून लटकते, मग काही दिसत नाही.

पहिलं काम तळपाटाचं. तो सरकवून बाहेर काढला की वर्षभराचा इतिहास खाली पडलेला असतो. मेणाचा भुगा, मेलेल्या माश्यांचे पंख, कुठे जाळीदार धागे. ते धागे म्हणजे मेणकीड. तिच्या अळ्या पोळ्यातून बोगदे करत जातात आणि मागं रेशमासारखं जाळं सोडतात. आयुष्यभर दोऱ्याशी संबंध असल्यामुळे मला तो धागा लांबून कळतो. दोन नंबरच्या तळाशी होता थोडा. तळपाट खरवडला, उन्हात धरला, एक काळं पडलेलं जुनं पोळं कापून काढलं. जुन्या काळ्या पोळ्यावर कीड जास्त बसते आणि माश्या पुरेशा नसल्या तर राखण होत नाही. ज्या चौकटी माश्यांनी झाकल्या नाहीत त्या काढून घ्यायच्या, हा नियम मी चुकत नाही. घरात माणसं दोन आणि खोल्या आठ असल्या की कोपऱ्यात कोळी होणारच.

पेटीच्या पायांखालच्या वाट्या पण बघायच्या. त्यांत पाणी असतं मुंग्यांसाठी, पण उन्हात आटतं. दादा गॅरेजमधलं जळकं ऑईल आणून ओततो. वेड्या राघूंचं मात्र काही करता येत नाही. तारेवर पाच-सहा बसलेले असतात, हिरवेगार, देखणे, आणि आपल्या माश्या एकेक उचलतात. वहिनी त्यांना दगड मारते. मी नाही मारत. दिवसाकाठी उचलून किती उचलतील.

आता मायेबद्दल. शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं सोडलेलं कापड. पुढं अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. माया कमी सोडली की ब्लाऊज काखेत फाटतो, जास्त सोडली की आत घडी पडते, टोचते. नेमकी किती सोडायची हे कुणी लिहून देत नाही, गिऱ्हाईक बघून कळतं. पोरगी कॉलेजातली आहे, लग्न ठरलंय, बाळंतपणं पुढं आहेत, तर सढळ हातानं सोडायची.

मधपेटी सगळी ह्या जागेच्या हिशेबावर उभी आहे. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या गृहस्थांनी १८५१ मध्ये हे ओळखलं की दोन पोळ्यांमध्ये, पोळं आणि भिंत यांच्यामध्ये माशी एक ठराविक फट मोकळी सोडते. तेवढी फट ठेवली तर ती तिथं काही बांधत नाही आणि चौकट सहज उचलून काढता येते. त्यांच्या माशीसाठी ही फट साधारण ३/८ इंच. आमच्या टेपवर तीन सूत. आपली सातेरी अंगानं लहान, तिला त्याहून थोडी कमी लागते. मी पहिल्या वर्षी एका सुताराकडून पेटी करून घेतली, त्यानं भिंत आणि चौकट यांच्यात पाऊण इंच ठेवलं. माश्यांनी त्या फटीत आडवंतिडवं पोळं घालून सगळ्या चौकटी भिंतीला शिवून टाकल्या. उचलायला गेले तर पोळं फाटलं, पिल्लं खाली पडली, मी रडले. सुतार म्हणाला, “वैनी, थोडी हवा खेळायला नको व्हय?” तेव्हापासून प्रत्येक नव्या पेटीला टेप मी लावते.

ही झाली फटीची माया. पण ह्या दिवसांतली खरी माया वेगळी आहे, वाढीसाठी सोडायची. ती मला गेल्या वर्षी कळली, आणि फार महागात कळली.

गेल्या वर्षी गच्चीवरच्या एका पेटीला मी जानेवारी लागल्यापासून पाक द्यायला सुरुवात केली. किलोला लिटर पाणी, कोमट करून, वाटीत काड्या टाकून, म्हणजे माश्या बुडत नाहीत. संध्याकाळी द्यायचा, दिवसा दिला तर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. पाक पातळ असला की राणीला वाटतं बाहेर फुलं आलीत, ती अंडी वाढवते. इथपर्यंत बरोबर. पंधरा-वीस दिवसांत बंद करायचा होता, कारण खरीच फुलं आली होती. मी बंद केला नाही. रोज वाटी रिकामी दिसायची, मला कौतुक वाटायचं. आई असते ना, ताटातलं संपलं की वाढायचं, तसं. वरचा मधाचा मजला चढवला नाही, नवी चौकट दिली नाही. दुकानात लग्नाची गर्दी होती. सगळ्या आठही चौकटी माश्यांनी अशा भरल्या की झाकण उचललं की त्या उतू जायच्या.

पेटी फुटायच्या, म्हणजे राणी निम्म्या माश्या घेऊन निघून जायच्या खुणा दिसल्या होत्या. पोळ्याच्या कडेला नरांची घरं वाढली होती. सातेरीत नराच्या घराचं झाकण ओळखू येतं, फुगीर असतं आणि मधोमध टाचणीनं टोचावं तसं एक भोक. आणि पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची घरं, भुईमुगाच्या शेंगेसारखी खाली लोंबणारी. चार मी मोजली. मोजून काय केलं, तर झाकण लावलं आणि म्हटलं रंगपंचमी झाली की बघू.

रंगपंचमीला सकाळी अकराला पेटी फुटली. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमीला जोर, गल्लीत पोरं पिचकाऱ्या, बॅरल, साऊंड लावून. मी गच्चीवर कपडे काढायला गेले तर दारातून माश्या अशा बाहेर ओतत होत्या जणू पोत्याचं तोंड सुटलं. दोन मिनिटांत आभाळात गरगर, आणि आवाज असा की खालचा साऊंड कुणीतरी बंद केला. मग सगळ्या शेजाऱ्यांच्या शेवग्याच्या फांदीवर, गल्लीच्या बरोबर मध्यावर, कलिंगडाएवढा घोस करून बसल्या. पोरं निळी-हिरवी, तोंडं वासून उभी. कुणी म्हणालं अग्निशामकला फोन करा. कुणी म्हणालं जाळा.

मी ओरडले, “कोण हात लावला तर बघा!”

घर फुटून निघालेल्या माश्या पोटभर मध घेऊन निघालेल्या असतात, राखायला पिल्लं नसतात, म्हणून तशा गरीब असतात. हे मला माहीत होतं, पोरांना नव्हतं. अस्तराच्या पांढऱ्या कापडाची मी एक झोळी शिवून ठेवली होती, तोंडाला मोठी कडी, खाली नाडी. शिडी लावली, घोसावर पाण्याचा हलका फवारा मारला, झोळी खालून घातली आणि फांदीला एक झटका दिला. धप्पकन सगळं वजन झोळीत. फार मोठं नसतं ते, पण हाताला गरम लागतं, आणि आतून थरथरतं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं, हे खरं.

कारण मी संध्याकाळी त्या माश्या ज्या पेटीत ओतल्या ती नवी होती, आठवड्यापूर्वी ऑईलपेंट दिलेला, वास जायचा होता. आत नुसत्या रिकाम्या चौकटी. दाराला राणीजाळी लावली असती, म्हणजे कामकरी ये-जा करतात आणि राणी अडते, तरी दोन दिवस थांबल्या असत्या. किंवा दुसऱ्या पेटीतलं एक कोवळ्या पिल्लांचं पोळं घातलं असतं तर पिल्लं सोडून त्या सहसा जात नाहीत. मी काहीच केलं नाही, टाळ्या वाजल्या होत्या ना. तिसऱ्या दिवशी पेटी रिकामी. एक माशी नाही. आणि जुन्या पेटीतून पुढच्या दहा दिवसांत आणखी दोन थवे, नव्या राण्यांबरोबर, तेही गेले. शेवटी उरल्या त्या मूठभर. जांभूळ फुललं, संपलं, मध शून्य. आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “जेवायला लई वाढलीस, पर बसायला जागा दिलीस का?”

तेव्हा यंदा मी वही घातली. पाक १० जानेवारीला सुरू, २८ ला बंद. काजूवर माश्या दिसल्या त्याच दिवशी वाटी काढली. दर सात दिवसांनी खालच्या कडा बघायच्या. सात का, तर राणीचं घर मेणानं बंद झालं की साधारण तेव्हाच जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते, आणि नवी आठेक दिवसांत बाहेर पडते. दहा दिवसांनी गेलात तर गाडी सुटलेली असते. माझ्या माहेरच्या पेट्या मी दर आठवड्याला कशा बघणार, तर वहिनीला शिकवलंय. ती चौकट उचलत नाही, पेटी नुसती मागं कलवून खालून बघते. पहिल्यांदा कलवली तेव्हा फोनवर ओरडत होती, आता म्हणते, “काय न्हाई, कोंबडीखाली हात घातल्यागत हाय.”

तीन नंबर सगळ्यात जोरात आहे. त्या रविवारी सहा चौकटींवर पिल्लं, मध्ये बंद घरं कडेपर्यंत, नरांची घरं फुगलेली, पण राणीचं घर अजून नाही. दोन कडेच्या चौकटी काढून मेणपत्रा लावलेल्या दोन मधल्या पिल्लांच्या शेजारी सरकवल्या. मेणपत्रा म्हणजे मेणाचा पातळ पत्रा, षटकोन उमटवलेला, त्यावर माश्या घर चढवतात. नवं मेण काढायचं काम मिळालं की तरण्या माश्यांना फुटायची घाई राहत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि वरचा मजला चढवला, मध अजून नसला तरी. एवढी माया सोडून आले. राणीची घरं दिसली तर मग विभागणी. जुन्या राणीला तीन चौकटींसकट नव्या पेटीत लांब न्यायचं, राणीची घरं जुन्या जागेवर ठेवायची. फुलावर गेलेल्या माश्या जुन्या जागेवरच परत येतात, त्यामुळे नव्या पेटीत गर्दी कमी होते आणि राणीला वाटतं आपण फुटलो एकदाचे.

चार नंबर शेवटी उघडली. जे वाटलं होतं तेच. पिल्लं नाहीत, पोळं वाळकं, आणि भिंग धरलं तर एकेका घरात दोन दोन, तीन तीन अंडी, काही तर घराच्या भिंतीला चिकटलेली. राणी असं कधी करत नाही, ती तळाशी मधोमध एकच ठेवते. राणी मेली की काही दिवसांनी कामकरी माश्या स्वतः अंडी घालायला लागतात. त्यांची पोटं आखूड, तळापर्यंत पोचत नाहीत. आणि त्या अंड्यांतून नुसते नर निघतात. ते बघून मला दरवेळी कसंतरी होतं. रागावून तरी कुणावर रागवायचं, त्या घर चालवायचाच प्रयत्न करत असतात.

आप्पांना बोलावलं. ते काठी टेकत आले, एक नजर टाकली, “मिळवून टाक एकात,” म्हणाले आणि फणसाखाली बसून तंबाखू मळायला लागले. पाच नंबरच्या भरल्या पेटीवर कालच्या पेपरचं एक पान पसरलं, त्याला टाचणीनं दहा-बारा भोकं पाडली (टाचण्या माझ्याकडे नेहमी असतात, पदराला) आणि वर चार नंबरची कोठी, म्हणजे चौकटींचा मजला, ठेवली. दोन्हीकडच्या माश्या कागद कुरतडत कुरतडत एकमेकींकडे पोचतात, तोवर वास एक झालेला असतो. एकदम मिसळल्या तर मारामारी. ह्या अशा पेटीचा भरवसा नसतो, त्या पाच नंबरच्या राणीवर तुटून पडतील ही धाकधूक होतीच. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला, दारापुढं कागदाचा चुरा पडलाय, मेलेल्या माश्या थोड्याच. पेपरवर सोन्याच्या भावाची बातमी होती, ती सगळी खाल्ली म्हणाली.

गच्चीवरच्या दोन पेट्यांचं तसं बरं आहे. त्यांची एकच काळजी असते, गुऱ्हाळं. आमच्यापासून जवळ एक आहे. फुलं कमी असली की माश्या सरळ तिकडे. उसाच्या रसाच्या वासानं काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या कढईवर, घिरट्या, वाफेत सापडल्या की आत. गुऱ्हाळवाले मामा सायीबरोबर मेलेल्या माश्या काढून टाकतात. मी त्यांच्याकडे गूळ घ्यायला जाते आणि गप्पा मारता मारता मोजून येते. डिसेंबरमध्ये काहिलीवर ढग असतो. फेब्रुवारीच्या मध्याला पाच-दहाच दिसल्या की समजते, झाडं फुलली, आता पाकाची गरज नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण मी तीन वर्षं बघतेय आणि तीनही वर्षं जुळलंय.

माहेरी मात्र फवारणीची भीती. दोन वर्षांपूर्वी वरच्या बाजूच्या काजूबागेत एकानं ऐन मोहरात सकाळी दहाला औषध मारलं. मोहरावर ढेकण्या किडा पडला होता, त्याचंही नुकसान होत होतं, कबूल. दुपारी माझ्या दोन पेट्यांपुढे ओंजळी भरतील एवढ्या माश्या मरून पडल्या. औषधानं मेलेल्या माशीची जीभ बाहेर आलेली असते, लांब, दोऱ्यासारखी. मी चार माश्या रुमालात बांधून त्यांच्या घरी घेऊन गेले. भांडायला गेले होते, पण त्यांच्या म्हाताऱ्या आईनं रुमाल उघडून बघितला आणि म्हणाली, “आगं बया, ह्येंच्या जिभा बघ.” मग मुलगा काही बोलला नाही. आता तो फवारायच्या आदल्या दिवशी दादाला सांगतो आणि सूर्य कलल्यावर मारतो, माश्या घरी परतल्यावर. त्याचा काजूही काही कमी झालेला नाही.

काल रात्री वहिनीचा फोन. मी मशीनवर होते, एका नवरीचे अकरा ब्लाऊज गुरुवारपर्यंत द्यायचेत, तिची आई दिवसातून दोनदा येऊन बसते. वहिनी म्हणाली, “जांभळीला कळी धरलीया. आन् तीन नंबरला मी खालनं बघितलो, दोन शेंगा हाईत. एक अजून उघडी हाय, एक बंद व्हायला आलीया.”

म्हणजे उद्याच. रविवारपर्यंत थांबता येणार नाही. विभागणीची पेटी दादाकडे तयार आहे, रंग नाही दिला, नुसतं जवसाचं तेल. ब्लाऊज सगळे कापून, शिवून झालेत, हातशिलाई आणि हुक तेवढे राहिलेत. साडेसहाच्या एसटीत खिडकीकडची जागा मिळाली तर गारगोटीपर्यंत पाच ब्लाऊज तरी होतील.